प्रवेश फी तीस रुपये

बाबांचा शेवटचा साधा दिवस बुधवार होता. त्या दिवशी सकाळी त्यांनी मला सांगितलं की चूक सापडली.

"प्रवेश फक्त पोस्टानं," ते व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले. "मनीऑर्डर नाही तर नाव नाही. घरी कोणी यायचंच नाही. मग पाहा, बुद्धिबळाची स्पर्धा फायद्यात जाते की नाही."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीवर निघाले होते. चपला घालता घालता म्हटलं, "सात वर्षं लागली हे सापडायला?"

"संशोधनाला वेळ लागतो," बाबा म्हणाले. मग जरा खाली पाहून, "या खेपेला तुझे अकरा हजार पहिले काढून राहिलो, शामला. बाकीचं नंतर."

"पहिले आंघोळ करा," आई आतून म्हणाली. "स्पर्धा नंतर."

मी हसले आणि निघाले. संध्याकाळी वांग्याची भाजी होती. बाबा म्हणाले, मीठ कमी आहे. आई म्हणाली, डॉक्टरांनी कमी सांगितलं आहे. बाबा म्हणाले, डॉक्टरांनी आपल्या घरी कमी घालावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. धंतोलीत आमच्या घराभोवती हाकेच्या अंतरावर इतके दवाखाने आहेत की सगळ्या विदर्भातून लोक तिथं येतात. बाबांनी त्यांपैकी एकालाही तसदी दिली नाही. दुसऱ्याला तसदी देणं त्यांना कधी जमलंच नाही, आणि खरं पाहिलं तर स्पर्धा बुडाली तीही त्याच कारणानं.

बाबा, म्हणजे आनंदराव, सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाले होते. जिल्ह्यात विहिरी किती, बैल किती आणि बैलगाड्या किती हे ते झोपेतही सांगत. अशा माणसाला निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही की तो धोकादायक होतो. एकोणऐंशी साली त्यांनी बुद्धिबळ खेळणारे मोजायला घेतले, आणि मोजता मोजता त्यांना एक सिद्धान्त सुचला. आपल्याकडच्या स्पर्धा का बुडतात? तर बक्षीस लहान असतं म्हणून. बक्षीस एकशे एक रुपये आणि एक कप असेल तर कोण येणार? बक्षीस मोठं ठेवा, माणसं आपोआप येतील. पाचशे खेळाडू, फी तीस रुपये, झाले पंधरा हजार. त्यांतून दहा हजारांची बक्षिसं, पहिलं पाच हजारांचं. तीन हजार इतर खर्च. उरले दोन हजार, तो निव्वळ नफा.

"पाच हजार? पटावर?" शेजारच्या शोभाताई कुंपणावरून म्हणाल्या. "भाऊजी, त्यापेक्षा भजनस्पर्धा ठेवा. लोक फुकट येतात अन् बक्षिसाले नारळ पुरते."

"शोभाताई, नारळासाठी मद्रासचा खेळाडू येत नाही."

"मद्रासले नारळाची काय कमी?" शोभाताई म्हणाल्या. बाबांच्या सिद्धान्तावर इतका थेट घाव पुढं कोणी घातला नाही.

आईनं एकच प्रश्न विचारला. पाचशे आले नाहीत तर? बाबा म्हणाले, सगळीकडून चांगला प्रतिसाद आहे, आणि तसाच प्रसंग आला तर आपली ठेव आहे. ती ठेव माझ्या लग्नासाठी होती. अकरा हजार रुपये, आईनं आणि बाबांनी वर्षानुवर्षं साठवलेले, आणि त्याच वेळी यवतमाळच्या एका स्थळाशी बोलणी जवळजवळ ठरत आली होती. मुलगा पाटबंधारे खात्यात होता. चांगला होता. त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखं काही नव्हतं. बाजूनं बोलण्यासारखंही फार नव्हतं, पण तसं तर माझ्याबद्दलही म्हणता आलं असतं.

पत्रकं छापून झाली. पहिल्या बक्षिसाचा आकडा इतका ठळक होता की खालची तारीख शोधावी लागे. प्रवेशासाठी पत्ता आमच्या घराचा. हॉल एका शाळेचा मिळाला, दिवाळीच्या सुट्टीपुरता. मग परवानगी काढायला बाबा एका कचेरीत गेले, सोबत मला नेलं. दोन शिकलेली माणसं असली की काम लवकर होतं, अशी तेव्हा त्यांची समजूत होती.

टेबलामागच्या कारकुनानं पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. "तिकीट लावून राहिले का?"

"नाही. प्रेक्षकांना फुकट."

"म्हणजे करमणुकीचा कार्यक्रम नाही?"

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "बुद्धिबळ आहे."

"खेळणाऱ्यांकडून फी घेता. त्याच पैशातून जिंकणाऱ्याले बक्षीस देता." त्यानं पत्रक खाली ठेवलं. "साहेब, हा जुगार झाला."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "जुगारात नशीब असतं. बुद्धिबळात नशिबाला जागाच नाही."

"मग हरणारा काहून हरते?"

बाबांनी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि आम्ही रिक्षानं घरी आलो. फाटकाशी उतरताना म्हणाले, "तीस वर्षं खात्यात काढली, इतका मूलभूत प्रश्न मला कोणी विचारला नाही." शेवटी बाबांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं की सदर खेळ जुगार नाही आणि त्यात कोणाचीही करमणूक होण्याचा संभव नाही. शोभाताईंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "असं असंल तर लोकायनं यायचं तरी कशाले?" परवानगी मात्र मिळाली. स्वतः कारकूनच ती घेऊन रविवारी आमच्या घरी आला, कारण त्याला स्पर्धेत नाव द्यायचं होतं.

तिथून खरी गोष्ट सुरू होते.

कारकून व्हरांड्यात बसला आणि खिशात हात घालू लागला. बाबांनी त्याचा हात धरला. "हे काय करून राहिले? पहिले बसा तर." आईनं पोहे दिले, वरून हरभऱ्याची झणझणीत तर्री. मग चहा. मग त्याच्या मुलांची चौकशी झाली. माणसानं आपल्या घरचे पोहे खाल्ले, मुलांच्या परीक्षेचं सांगितलं, वर आईला 'वहिनी' म्हटलं, आणि त्यानंतर त्याला 'तीस रुपये काढा' म्हणायचं? बाबांना ते जमेना. "राहू द्या, मग पाहू," ते म्हणाले, आणि त्याला फाटकापर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याचे एक मास्तर आले. तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून चौघं. बातमी पसरायला वेळ लागला नाही की धंतोलीतल्या त्या घरी स्वतः जाऊन नाव दिलं तर बरं असतं, माणसं चांगली आहेत. ज्यांनी मनीऑर्डर करायचं ठरवलं होतं तेही बसनं येऊ लागले. दुपारच्या गाडीनं येणाऱ्याला नुसते पोहे कसे द्यायचे, म्हणून वरण-भात सुरू झाला. पैसे आले ते फक्त लांबच्या लोकांचे, ज्यांना आमच्या घरी येणं शक्य नव्हतं. बाबांचा सिद्धान्त शब्दशः खरा ठरत होता: बक्षीस मोठं म्हणून माणसं येत होती. फक्त प्रत्येक माणसागणिक तोटा वाढत होता.

मी त्या दिवसांत ग्रंथालयातली अर्थशास्त्राची दोन-तीन पुस्तकं चाळली. मागणी होती, पुरवठा होता, सीमांत उपयोगिता होती. 'बसा, चहा घ्या' यावर एकाही विद्वानानं प्रकरण लिहिलेलं नव्हतं.

बाबांनी भिंतीवर आलेख लावला होता. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "कौसल्या, तीनशे झाले!"

"माहीत आहे," आई म्हणाली. "तीनशे बशा मीच धुतल्या." मग हात पुसत, "दुकानदार पहिले पैसे घेते, मग माल देते. तुम्ही पहिले पोहे देता अन् मग लाजता. असा धंदा होते का कुठं?"

"घरी आलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे? हे काय हॉटेल आहे?"

"हॉटेल असतं तर परवडलं असतं."

तोडगा मीच सुचवला. शाळेच्या फाटकाशी टेबल टाकायचं, फी तिथं घ्यायची. तिथं कोणी पाहुणा नसतो. बाबांना ते पटलं. स्पर्धेच्या पहिल्या सकाळी ते टेबल मांडून, कोट घालून बसले. पहिला आला तो कचेरीतला कारकून. "काय आनंदराव, वहिनी बऱ्या आहेत ना?" बाबा उठून उभे राहिले आणि त्याला खुर्ची दिली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर टेबलाभोवती सगळे खेळाडू बसले होते आणि बाबा एकटे उभे होते.

आता एकच आशा होती, काटोलचे चंपतराव. त्यांची संत्र्याची मोठी बाग होती, आणि दोन हजारांची देणगी त्यांनी स्पर्धेच्या तयारीच्या भर बैठकीत जाहीर केली होती. ते त्याच सकाळी आले. मागं एक ट्रक होता.

"आनंदराव, भाव पडले गा," चंपतराव म्हणाले. "नगद काही हातात नाही. पण मी शब्दाचा पक्का आहे. दोन हजाराची संत्री आणली. हॉलमध्ये विका, वरचा नफाही तुमचा."

पेट्या उतरवल्या. शाळेचा व्हरांडा पिवळाजर्द झाला. बाबांना नवा हुरूप आला, त्यांनी पुठ्ठ्यावर भाव लिहिला. पण प्रेक्षक जवळ आला की त्यांचा हात आपोआप संत्र्याकडे जाई. "घ्या, चाखून पाहा. काटोलचा माल आहे." चाखून झाल्यावर माणूस दुसरं उचली. बाबा म्हणत, "घ्या, घ्या." दुपारपर्यंत सगळा हॉल संत्री खात होता. प्यादी बोटांना चिकटू लागली. कलकत्त्याच्या एका खेळाडूनं उंट उचलला तर त्याच्याबरोबर शेजारचा घोडाही उठला. त्यानं पंचाकडे तक्रार केली की यांपैकी आपली चाल कोणती ते ठरवून मिळावं.

बाकं तिसरीच्या मुलांची होती. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन विचार करत होती. घड्याळं कमी पडली म्हणून आम्ही मोहल्ल्यातून गजराची घड्याळं गोळा केली होती. शोभाताईंच्या घड्याळाचा गजर त्यांच्या औषधाच्या वेळेला लावलेला होता, तो नेमका पहिल्या पटावर वाजला. शोभाताई प्रेक्षकांत होत्या. त्या उठल्या, पटाजवळ गेल्या, गजर बंद केला, खेळाडूच्या ग्लासातल्या पाण्यानं गोळी घेतली आणि जागेवर येऊन बसल्या.

सक्करदऱ्याचे रुपराव हे बाबांचे जुने मित्र. ते आयुष्यभर देशी नियमानं खेळले. त्यात राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. दुसऱ्या फेरीत त्यांच्या राजानं अशी झकास उडी घेतली की समोरचा पुण्याचा मुलगा पटाखाली पाहू लागला. पंच धावले.

"राजा उडत नाही, काका."

"आमच्या सक्करदऱ्यात उडते," रुपराव म्हणाले. "तुमच्या पुण्यात उडत नसंल त्याले मी काय करू?"

या गोंधळात यवतमाळहून मुलाचे वडील आले, मधुकरराव. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, हातात काठी. स्पर्धेची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बाबांनी त्यांना संत्रं दिलं. ते न सोलता हातात धरून ते बाकावर बसले, गुडघे छातीशी.

"आनंदराव, आमचं मागणं काहीच नाही," ते म्हणाले. "एक स्कूटर, अन् आमच्याकडची माणसं येतील त्यांची व्यवस्था. ठेव आहे ना जाग्यावर?"

"आहे," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते खरं होतं.

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं नोकरी सोडावी लागंल. वाचनाचा शौक आहे म्हणता, तर घरी काचेचं कपाट आहे. सध्या त्यात कपबशा आहेत." इतकं बोलून त्यांनी संत्रं खिशात घातलं आणि ते बस पकडायला गेले.

शेवटच्या दिवशी सकाळी बाबांनी आकडे मांडले. मांडायला फार वेळ लागला नाही. साठ-सत्तर मनीऑर्डरी, एवढीच जमा, आणि ती हॉलच्या भाड्यात आणि पोह्यांत केव्हाच संपली होती. दुपारी बक्षीस समारंभ. दहा हजारांपैकी हातात काही नव्हतं, वर वाण्याची हजाराची उधारी होती.

आमच्या व्हरांड्यात सभा भरली. रुपराव म्हणाले, "अर्धं नगद द्या, अर्धं संत्री."

"अर्धं तरी नगद कुठं आहे?" शोभाताई म्हणाल्या. "मी सांगत होती. नारळ."

पहिला येणार हे जवळजवळ ठरलेला मद्रासचा लाजाळू तरुणही कोणीतरी बोलावून आणला होता. त्याला परिस्थिती हिंदीत समजावली. तो म्हणाला, "कोई बात नहीं, अंकल, जितना है उतना दीजिए." त्यानंही आमच्याकडे चार वेळा जेवण केलं होतं.

बाबांचा चेहरा त्या वाक्यानं पार पडला. कोणी भांडलं असतं तर त्यांनी तोंड दिलं असतं. "नाही," ते म्हणाले. "पाच हजार छापलं आहे. मद्रासहून हा पोरगा माझ्या छापलेल्या शब्दावर आला. खात्यात मी कधी खोटा आकडा लिहिला नाही."

आई दारात उभी होती. "मग उरली ती ठेव," ती म्हणाली. "पण ती पोरीची आहे. तिले विचारा."

बाबा मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेले. ओट्यावरचे डबे त्यांनी एका रांगेत लावले. मग म्हणाले, "यवतमाळचे थांबणार नाहीत, शामला. तुझी काही हरकत?"

"नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी पुढं काही बोलणार होते, पण ते वळले, कोट घातला, आणि बँक बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून रिक्षा बोलवायला धावले.

समारंभ उत्तम झाला. बाबांनी भाषण केलं, त्यात भारतातल्या बुद्धिबळाच्या भवितव्याबद्दल पुष्कळ आकडे होते. मद्रासच्या तरुणानं पाच हजार रुपये घेतले आणि वाकून बाबांच्या पाया पडला. चंपतरावांनी त्याला संत्र्यांची एक पेटी वेगळी दिली. चार दिवसांनी यवतमाळचा निरोप आला की मुलाला सध्या घाई नाही.

तेव्हापासून मी या घरातली त्यागमूर्ती झाले. मोहल्ल्यातल्या बाया माझ्याशी आवाज खाली आणून बोलत. शोभाताई हळदी-कुंकवाला मला एक लाडू जास्त देत. पुढं दोन-तीन स्थळं आली, मी नाही म्हटलं, तर बाबांना वाटलं की मी त्यांच्या खिशाकडे पाहून नाही म्हणते. घरात स्पर्धेची थट्टा रोज व्हायची, त्यात मीही असायचे. बाबाही हसायचे. पण संध्याकाळी कागद घेऊन बसायचे. फी पन्नास केली तर? बक्षीस अर्धं केलं तर? लोकांना वाटे म्हाताऱ्याला बुद्धिबळाचं वेड आहे. वेड बुद्धिबळाचं राहिलं नव्हतं. त्यांना अकरा हजार रुपये हवे होते, आणि ते त्याच वाटेनं परत आणायचे होते, ज्या वाटेनं गेले.

बाबांच्या तेराव्यानंतर एका दुपारी रुपराव सक्करदऱ्याहून आले. शोभाताई आईजवळ बसल्या होत्या. व्हरांड्यात चहा झाला. रुपराव कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, मागच्या महिन्यात आनंदराव मले भेटला तवाही तेच. म्हणे, रुपराव, सगळे डाव हरलो त्याचं काही नाही. पोरीचं वाटोळं केलं, तेवढं मनातून जाऊन नाही राहिलं."

आईनं पदर डोळ्यांना लावला. शोभाताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पोरीनं मात्र तोंडातून शब्द काढला नाही हो. असा त्याग पाहिला नाही."

मी कपबशा उचलत होते, त्या पुन्हा खाली ठेवल्या. मी तिघांपैकी कोणाकडेच पाहत नव्हते. बाबांना ऐकू जावं अशा बेतानं, जरा मोठ्यानंच बोलले असेन, कारण रस्त्यावरचा एक माणूस फाटकाशी थांबला.

"बाबा, मला यवतमाळला जायचंच नव्हतं. तुम्ही बँकेत गेलात ना, तेव्हा तुम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरू नये म्हणून मी इथं देव पाण्यात घालून बसले होते."